कफाचा तास

चारचौघांना ज्याची किळस येते त्याची थापटीबाईंना येत नसे, आणि चारचौघांना जे गोड वाटतं त्याने त्यांच्या पोटात ढवळून येई. एखाद्या मुलाने वाटीत हिरवा बेडका काढला, की त्या वाटी खिडकीपाशी नेऊन, तांदळातला खडा शोधावा तशा त्यात डोकावत. रंग पाहत, दाटपणा पाहत आणि ‘शाब्बास’ म्हणत. पण चहावरची साय ओठाला लागली तर दिवसभर तोंड वाकडं. केकवरचं क्रीम, लिफ्टमध्ये कुणीतरी सोडून गेलेला अत्तराचा वास, बेसिनच्या कडेला पडलेला ओला स्पंज यांनी त्यांना शिसारी येई. आणि ‘बिच्चारं’ हा शब्द! तो ऐकला की त्यांना खरोखर तोंड धुऊन यावंसं वाटे.

त्या एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या छातीच्या विभागात होत्या. फिजिओथेरपिस्ट हा शब्द मुलांच्या तोंडात मावत नसे. बाई काय करतात? थापटतात. हाताची वाटी करून पाठीवर, बगलेखाली, बरगड्यांवर एका लयीत थापटतात, मुलाला कधी पालथं, कधी कुशीवर, कधी डोकं खाली करून निजवतात, आणि आतला चिकट कफ सुटून वर आला की खोकायला लावतात. म्हणून थापटीबाई. एका वात्रट मुलाने थापाबाई करून पाहिलं होतं, पण ते टिकलं नाही. बाईंच्या तोंडून कधी कुणी थाप ऐकली नव्हती. ‘दुखेल का?’ असं कुणी विचारलं, तर ‘दुखेल’ असं सांगणारी बाई ती.

घरी त्यांची अडचणच होती. धाकटी जाऊ ताटं घेता घेता रोज विचारायची, “ताई, हात धुतलेत ना?”

“नाही. तुझ्याच पदराला पुसणार होते.”

“मी आपलं सहज विचारलं हो.”

“बावीस वर्षं सहज विचारतेयस.”

यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. पाहुण्यांसमोर त्यांचा एक ठरलेला विनोद असे. “आमच्याकडे कामाची वाटणी आहे. मी लोकांना बघायला लावतो, ही थुंकायला लावते.” पाहुणे हसत आणि लगेच पुढ्यातली बशी जरा लांब सरकवत. ते बशी सरकवणं बाईंच्या बरोबर लक्षात येई. मग त्या मुद्दाम आग्रह करून आपल्या हाताने आणखी वाढत.

खारूताई त्यांच्याकडे तान्ही असल्यापासून येत होती. जन्मल्यावर आईने कपाळाची पापी घेतली तर ओठ खारट झाले. बापाने थट्टेने खारूताई म्हणायला सुरुवात केली, आणि नाव पडल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की खारट घाम हीच या आजाराची खूण. सिस्टिक फायब्रोसिस. आईबापांच्या रक्तात तो निमूट असतो, दोघांना कळतही नाही. पोरीच्या वाट्याला दोघांकडून आला, की तिच्या अंगातले सगळे रस घट्ट होतात. तुमच्याआमच्या छातीतला ओलावा पाण्यासारखा असतो, धूळ, जंतू वाहून नेतो. तिचा डिंकासारखा. आतच बसतो, आणि त्यात जंतू घर करतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ औषधाचा वाफारा, प्रत्येक खाण्याआधी पचनाच्या गोळ्या, आणि थापटणं. आता ती नऊ वर्षांची होती. काडीसारखे हातपाय, बोटांची टोकं फुगीर, आणि जीभ अशी, की म्हातारीने ऐकून घ्यावं.

गेले दोन महिने तिची छाती गच्च येत होती. शाळा सुटल्यावर आई तिला घेऊन यायची. पाठीवर हात ठेवला की बाईंना हाताखाली ओलं पोतं लागे. जेवढा कफ सकाळी घरी निघायला हवा तेवढा निघालेला, मग दिवसभरातला कुठे जातो?

“शाळेत खोकत नाहीस का गं?”

“खोकते की.”

“किती?”

पालथ्या पडलेल्या खारूताईने उशीत तोंड खुपसलं. “मधल्या सुट्टीत. संडासात. कुणी नसलं तर.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुणाच्यातरी आईने शाळेत येऊन मुलीची जागा बदलून घेतली होती. मग दुसरीने. आता खारूताई शेवटच्या बाकावर एकटी. आणि तिने खोकायला सुरुवात केली, की अख्खा वर्ग गणवेशाच्या गळपट्ट्या नाकावर ओढून बसे. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप. म्हणून ती खोकलाच गिळायची. जीभ टाळूला दाबायची, पेन्सिल चावायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दम धरायची.

“वर्गबाई काही म्हणत नाहीत?”

“त्या खिडकी उघडतात.”

बाईंच्या अंगावर काटा आला. त्या खिडकी उघडण्यानेच. हळूच, समजूतदारपणे, कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने उघडलेली खिडकी. त्यापेक्षा पोरांच्या गळपट्ट्या बऱ्या.

डॉक्टरांनी आईला स्वच्छ सांगितलं होतं. छाती अशीच तुंबत राहिली तर दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागेल, आणि फुप्फुसाचा जो तुकडा यात जाईल तो पुन्हा मिळायचा नाही. पोरीने वर्गात खोकायला हवं होतं. बाकी काही नको होतं. आणि तेवढंच कुठल्या औषधाने होणार नव्हतं.

बाई शाळेत गेल्या आणि वर्गबाईंना म्हणाल्या, “मला एक तास द्या. पोरांना सांगते हे काय आहे ते. भाषण नाही करणार, खेळवते.”

वर्गबाई बिचकत ‘हो’ म्हणाल्या, पण बातमी शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कानावर गेली, आणि तासाचा सोहळा झाला.

अध्यक्षबाईंचा पहिला फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “आपल्या या चिमुकल्या योद्ध्यासाठी आम्ही काय काय ठरवतोय म्हणून सांगू!” थापटीबाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. आवाजातून पाक गळत होता. दुसऱ्या फोनवर फुग्यांचे रंग विचारले. तिसरा फोन आला तेव्हा बाई चहा घेत होत्या.

“अजून एक छोटीशी गंमत आहे हं मॅडम. त्या दिवशी मी एका—”

“माझ्यासमोर पेशंट पालथा पडलाय,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि चहा संपवला. आयुष्यात मोजक्या थापा मारल्या असतील, त्यांतली ही एक. नंतर तीच त्यांच्या मानगुटीवर बसली.

ठरल्या दिवशी बाई सामानाची पिशवी घेऊन वर्गात शिरल्या आणि दारातच थांबल्या. फळ्यावर गुलाबी फुप्फुसांचं चित्र होतं. फुप्फुसांना डोळे होते, डोळ्यांना पापण्या. ती हसत होती. टेबलावर केक, तोही फुप्फुसांच्या आकाराचा, दोन्ही बाजू गुलाबी क्रीमच्या आणि मधूनमधून हिरवी जेली. ती जेली कशासाठी हे कळल्यावर बाईंच्या घशाशी आलं. बावीस वर्षं त्यांनी खरा कफ पाहिला, कधी तोंड फिरवलं नाही. हा खायचा कफ मात्र त्यांना बघवेना. कोपऱ्यात फोटोग्राफर उभा. आणि फळ्याशेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीत, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट घालून खारूताई बसलेली, वधस्तंभाकडे नेणार असल्यासारखी.

बाई तिच्यापाशी गेल्या, मुकुट काढला आणि खुर्चीखाली टाकला.

“राहू दे ना,” खारूताई पुटपुटली. “त्या अध्यक्षबाई म्हणाल्या काढलास तर फोटो येणार नाही.”

“नाही आला तर नाही. जा, बाकावर बस.”

मग त्यांनी पिशवीतून कागदी नळ्या काढल्या. प्रत्येकाला एक.

“उभे राहा. एका हाताने नाक धरा. नळी तोंडात. ओठ घट्ट. आता जागच्या जागी पळा. श्वास फक्त नळीतून. पळा!”

चाळीस पोरं धाडधाड पळायला लागली. बाकं हलली. थोड्या वेळातच कुणाचे डोळे मोठे, कुणाचे कान लाल. पुढच्या बाकावर एक जाडसर, दोन वेण्यांची मुलगी होती. कुणाचं काय चाललंय ते तिला सगळ्यांत आधी ठाऊक असे, म्हणून सगळी तिला चोंबडी म्हणत. तिने नळी थुंकून टाकली.

“बाई, मी मेले!”

“मेली असतीस तर बोलली नसतीस. काय झालं?”

“हवाच येत नाही. येते, पण पुरत नाही.”

“तुझं नळीवर भागलं. सर्दी-खोकला वाढला, की हिला दिवसभर असं होतं. जेवताना, झोपताना, तुम्ही पकडापकडी खेळता आणि ही कठड्यावर बसते तेव्हा.”

पोरांनी मागे वळून पाहिलं. खारूताईने नजर खाली घातली.

मग दोन पारदर्शक पाइप निघाले. एकात पाणी, एकात साखरेचा घट्ट पाक. दोन्हींत रंगीत मणी टाकून तोंडं बुचांनी बंद केली. पाइप उलटा केला की पाण्यातले मणी भर्रकन खाली. पाकातले जागच्या जागी.

“आता हे मणी खाली कसे आणायचे? पाइप फोडायचा नाही. आत काठी घालायची नाही.”

“हलवा!”

“फुंका!”

“उलटा धरून ठोका!”

“ठोक की मग.”

एका मुलाने पाइप उलटा धरला, दुसऱ्याने तळव्याने थापटायला सुरुवात केली. मणी कण-कण सरकला. वर्ग ओरडायला लागला. पहिला मणी तळाशी पोचला तेव्हा असा जल्लोष झाला, की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंत ठोठावली.

“मी रोज हेच करते,” बाई म्हणाल्या. “हिच्या पाठीवर. मणी म्हणजे जंतू न् धूळ, पाक म्हणजे कफ. थापटून सुटतो, पण बाहेर कसा येणार?”

“खोकून!” चोंबडी म्हणाली.

“आणि हिने खोकलंच नाही तर?”

चोंबडीला उत्तर आलं होतं, आणि बरोबर आलेलं उत्तर तिला आवडलं नव्हतं.

“बाई, लागतो का तो?” एकाने विचारलं.

“नाही.”

“तिचं उष्टं खाल्लं तर?”

“तर हात-तोंड धुवायला सांगेन. आजार होणार नाही. तो आईबापांकडून येतो, बाकाकडून नाही.”

“हात धरला तर?”

“हात खारट लागेल, चाटलास तर.”

पोरं खिदळली. बाईंनी जोड्या लावल्या. एकाने बाकावर पालथं, दुसऱ्याने थापटायचं. वर्गात तबेल्यात घोडे नाचावेत तसा आवाज सुरू झाला. आणि मग बाई ज्याची वाट पाहत होत्या ते झालं. शेवटच्या बाकावरून खारूताई उठली. तिला राहवेना.

“अगं, असं चापट मारल्यासारखं नाही! हाताची वाटी कर. आवाज पोकळ यायला हवा. असा बघ. असा.”

“मला येतंय.”

“कसलं येतंय, कणीक तिंबतेयस.”

“बरं मग, तूच झोप, मी तुझ्यावर करते,” चोंबडी म्हणाली.

खारूताई बाकावर पालथी झाली. चोंबडीने बाह्या सारल्या, हाताची वाटी केली आणि थापटू लागली. चांगली थापटत होती. बाईंना लांबूनही ऐकू येत होतं, की आत काहीतरी सुटतंय. पोरीच्या घशात घुर्र झालं. आता, आता खोकेल. बाईंनी श्वास धरला.

दार उघडलं.

“सर्प्राइज!” अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यांच्या हाताला धरून एक मुलगी आत आली होती. अकरा-बारा वर्षांची, किडकिडीत, हातात फुगा. बाईंची नजर फुग्याच्या दोरीवर गेली. दोरी धरणाऱ्या बोटांची टोकं फुगीर होती. मुलगी खोकली, आणि तो खोकला बाईंनी झोपेतही ओळखला असता.

“बघ खारूताई, कोण आलंय!” अध्यक्षबाईंचा आवाज भरून आला होता. “तुझ्यासारखीच! आता तू एकटी नाहीस. जा, जवळ घ्या एकमेकींना!”

खारूताई उठून बसली. तिचा चेहरा असा झाला, की बाईंनी नऊ वर्षांत तो पाहिला नव्हता. ती नवीनही तशीच बघत होती, आरशात अचानक दुसरं कुणी दिसावं तशी. दोघी निघाल्या. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

“लांब!” थापटीबाई किंचाळल्या. “हात लावू नका! जवळ येऊ नका!”

त्यांनी खारूताईचं मनगट पकडून इतक्या जोरात मागे ओढलं, की ती बाकावर आपटली. दुसऱ्या हाताने त्यांनी त्या मुलीला दार दाखवलं. “बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर, मोकळ्या हवेत!”

कुणीतरी हातातली नळी टाकली, तिचाही आवाज झाला. मग एका मुलाने गळपट्टी नाकावर ओढली. मग त्याच्या शेजारच्याने. मग ओळीने सगळ्यांनी.

“म्हणजे लागतो,” चोंबडी हळूच म्हणाली, आणि मघाशी खारूताईच्या पाठीवर ठेवलेला हात तिने स्कर्टला पुसला.

बाहेर जिन्यात अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. “काय हा तमाशा! लेकरं आहेत हो ती!”

“दोघींना हा एकच आजार आहे. या आजाराच्या दोन मुलांना एका खोलीत आणायचं नसतं,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “एकीच्या छातीतले हट्टी जंतू दुसरीच्या छातीत जातात आणि मुक्काम ठोकतात. आमच्याकडे त्यांचे दिवससुद्धा वेगळे असतात. माझ्याकडे कसं विचारलं नाहीत?”

“तीन वेळा फोन केला मी! तिसऱ्या वेळी तेच सांगत होते. तुम्ही ठेवलात.”

बाईंना तो संपवलेला चहा आठवला.

“त्या पोरीने आपल्यासारखी दुसरी कधी पाहिलीच नव्हती,” अध्यक्षबाई नाक पुसत म्हणाल्या. “मला एवढंच वाटलं.”

मागे त्या मुलीची आई उभी होती, रागाने लाल. “मला सांगितलं मुलांचा कार्यक्रम आहे. इथे दुसरी आहे हे कुणी बोललं नाही. चल गं, खाली अंगणात बस, गाडी बोलावते.”

थापटीबाई जिन्यात उभ्या राहिल्या. आयुष्यभर अध्यक्षबाईंसारख्यांची किळस केली, आणि आज त्या किळसेनेच घात केला होता. गोड आवाज सहन झाला नाही म्हणून फोन ठेवला. एखाद्या नाक मुरडणाऱ्या माणसासारखाच. जावेच्या ‘हात धुतलेत ना’पेक्षा हे काय वेगळं होतं? त्यांना स्वतःचा असा वीट आला, की स्वतःच्या हातचं पाणी पिऊ नये.

पण आत पोरगी होती. त्या परत गेल्या.

खारूताई शेवटच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मान ताठ, जबडा आवळलेला, गळ्याची शीर उडत होती. गिळत होती. आणि तिच्याभोवती तीन बाकं रिकामी.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. टेबलावर चमकीच्या पुड्या होत्या, लाल आणि निळ्या, सजावटीतून उरलेल्या. आणि तो केक. बाईंनी बाही वर केली, डोळे मिटले आणि उजवा हात मनगटापर्यंत त्या गुलाबी फुप्फुसात खुपसला. कोमट, मऊ, बुळबुळीत क्रीम बोटांच्या बेचक्यांत शिरलं. पोटातून उमासा आला. त्यांनी तो गिळला. वर्गबाई ‘अहो!’ म्हणून उठल्या.

“आणखी एक चिकट हात हवाय,” बाई म्हणाल्या. “कोण येतंय?”

केकमध्ये हात घालायला सगळेच तयार होते. मघाशी हातातली नळी टाकणारा मुलगा आधी पोचला.

“हे माझं फुप्फुस, आणि हे याचं. दोन्ही खारूताईसारखी, चिकट.” बाईंनी आपल्या हातावर निळी चमकी टाकली, त्याच्या हातावर लाल. “हे जंतू. चोंबडे, इकडे ये. तुझा हात कोरडा आहे. मिळव माझ्याशी.”

“मी?”

“तूच. मघाशी पुसलास तोच हात.”

चोंबडी लालबुंद झाली, पण आली. हात मिळवला. बोटाला जराशी निळी चमकी लागली. तिने हात झटकला, फुंकर मारली. गेली.

“गेली ना? तुमच्या छातीतूनही अशीच जाते. आता चिकट आणि चिकट.” बाईंनी त्या मुलाचा हात हातात घेऊन दाबला. क्रीम पचकलं. हात सुटले तेव्हा दोन्ही तळव्यांवर दोन्ही रंग होते. “आता माझ्या हातावरची लाल काढून दाखवा. कुणीही.”

पोरं भोवती जमली. फुंकून पाहिलं. कागदाने खरवडून पाहिलं. लाल आणखी आत गेली. गळपट्ट्या कधी खाली आल्या ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

“म्हणजे चिकट-चिकट भेटले की वाट लागते,” केकवाला मुलगा हात चाटत म्हणाला. “चिकट आणि कोरडे चालतंय.”

“चाटू नकोस. हो, तसंच.”

“मग तिच्यापासून आपल्याला काहीच नाही?” चोंबडीने डोळे बारीक केले.

“काही नाही. उलट तुला सर्दी असेल, तर तुझ्यापासून तिला आहे. घाबरायचं कुणी असेल तर तिने तुम्हाला.”

आपणही कुणाला भीती वाटावी असे आहोत, हे पोरांना फार आवडलं. दोघांनी तिथल्या तिथे नाकं पुसली.

खारूताईने भिंतीकडून तोंड फिरवलं. डोळे लाल होते. “मला तिच्याशी बोलायचंय.”

“इथे नाही—”

“मला माहितेय इथे नाही!” ती ओरडली, उठली आणि अंगणाकडच्या खिडकीला जाऊन लोंबकळली. “ए! ए, फुगेवाली!”

खाली कठड्यावर बसलेल्या मुलीने वर पाहिलं. आई तिला धरायला पुढे झाली, मग खिडकीची उंची पाहून थांबली.

“काय गं?”

“तुला किती गोळ्या?”

“जेवणाला सहा. तुला?”

“चार. पण आईस्क्रीमला वेगळ्या.”

“मला पण! तुला ती थापटते का, ओरडणारी?”

“हो. लई खडूस आहे.”

“मला दादा थापटतो. त्याचे हात म्हणजे फळी. मी शिव्या देते.”

“मोठ्याने?”

“उशीत!”

खारूताई हसली. हसता हसता घशात घुर्र आलं, आणि तिने सवयीने तोंड दाबलं. मान ताठ झाली.

“ए, गिळतेस काय!” खालून आवाज आला. “काढ! काढ बाहेर! मी तर गणिताच्या तासाला काढते, सर प्रश्नच विचारत नाहीत मग!”

आणि खारूताई खोकली. आधी अडखळत, मग पोटापासून, खिडकीची चौकट धरून, गुडघे वाकवून, असा खोल, खवळलेला, ओला खोकला, की दारात येऊन उभ्या राहिलेल्या अध्यक्षबाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि फोटोग्राफर जिन्याकडे सरकला. बाईंनी पिशवीतली झाकणाची वाटी पुढे केली. खारूताईने ती हिसकावून घेतली आणि त्यात थुंकली. पुन्हा खोकली. पुन्हा थुंकली. दोन महिन्यांचं होतं सगळं.

“ईईईई!” अख्खा वर्ग किंचाळला.

“कुठला रंग?” खालून हाक आली.

“हिरवा! आणि त्यात तार!”

“बापरे, तार पण? माझा आज नुसताच पिवळा!”

पोरं एकमेकांना ढकलत वाटीत डोकवायला आली. “बघू, बघू!” “शी! जेलीसारखा आहे!” “मी नाही आता तो केक खाणार!” “मला दे तुझा वाटा!” चोंबडी सगळ्यांच्या खांद्यांवरून वाकली, बघितलं, आणि तिने नाक, डोळे, तोंड सगळं एका ठिकाणी गोळा केलं.

“श्शी! किती घाणेरडी आहेस गं तू!”

“तूच घाणेरडी. बघायला कशाला आलीस?”

“आले! माझी मर्जी.” आणि चोंबडी त्या रिकाम्या शेवटच्या बाकावर बसली, कारण तिथून खिडकीही दिसत होती आणि वाटीही.

खाली गाडी आली. फुगेवाली हात हलवत गेली. खारूताई बाकाशी परतली. बाईंनी पुढे होऊन वाटीसाठी हात केला. सवयीचा हात, नऊ वर्षांचा. रंग बघायचा होता. ती तार किती घट्ट ओढली जाते ते बघायचं होतं, डॉक्टरांना सांगायला हवं होतं.

खारूताईने वाटी पाठीमागे नेली.

“तुम्ही नाही बघायचं.”

“अगं, मला बघावं लागतं.”

“आई घेऊन जाईल डॉक्टरांकडे. तुम्ही नाही.” तिने मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं, तिथे बाईंच्या बोटांचे वळ उमटले होते. मग ती शेजारी वळली. “धर गं जरा. मला अजून येतंय.”

चोंबडीने वाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग हात ताठ पुढे करून, मान पाठीमागे फिरवून, डोळे मिटून तिने ती धरली.

बाई उभ्या राहिल्या. हातावरचं क्रीम वाळून कडक होत होतं आणि त्याला आंबूस-गोड वास यायला लागला होता.

“झाकण लावा मध्ये मध्ये,” त्या म्हणाल्या. “आणि झाल्यावर हात धुवा, दोघींनी.”

दोघींपैकी कुणी मान वर केली नाही. खारूताई पुन्हा खोकत होती, आणि चोंबडी डोळे मिटलेलेच ठेवून दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थापटत होती, हाताची वाटी करून.